जुने वेबचॅट परत कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाच्या संकेतस्थळावर खाली उजव्या कोपऱ्यात चॅटची खिडकी असते. तिच्यात ग्राहकाशी झालेलं बोलणं महिन्या-वर्षाने पुन्हा शोधायची वेळ आली की हे पान उघडा. आमचं साधन तुमच्या चॅट कंपनीच्या एपीआयशी (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागायचं दार) जोडलं जातं आणि जुनी संभाषणं तुमच्या स्वतःच्या संगणकावर उतरवतं. ते वापरणारे बहुतेक लोक मुंबईतले छोटे व्यावसायिक आहेत: दादरचे फराळवाले, लोहार चाळीतले विजेच्या सामानाचे दुकानदार, लालबाग-परळचे गणपतीचे कारखाने, आणि या सगळ्यांच्या चॅटवर बसणारी मुलंमुली. प्रश्न त्यांचेच आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. लोक खरे अडकतात ते तिथेच, म्हणून ती छाटली नाहीत.

डॅशबोर्डवर जुने चॅट दिसतातच की. मग वेगळं साधन कशाला?

एखाददुसरा चॅट बघायचा असेल तर डॅशबोर्डच वापरा. साधन लागतं ते ठरावीक प्रसंगांत. एकच ग्राहक वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या माणसांशी बोललेला असतो आणि सगळं ओळीने लावून वाचायचं असतं. चॅट कंपनी बदलायची असते आणि जुनं खातं बंद होण्याआधी सगळं बाहेर काढायचं असतं. किंवा दिवाळीतल्या शेकडो चॅटमधून ‘पार्सल पोचलं नाही’वाले तेवढे वेगळे करायचे असतात.

मला स्वतःला पटलेलं कारण मात्र निराळं आहे. दादरच्या एका ताईंना परदेशातून फोन आला. ग्राहकाच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. आईने चॅटवर विचारलं होतं आणि दुकानातल्या मुलीने ‘चिवडा बिनदाण्याचा करून देऊ’ असं लिहून दिलं होतं. डब्यात दाणे निघाले. आईने आधी पाहिलं म्हणून निभावलं. ताईंनी त्याच संध्याकाळी तो चॅट काढून वाचला आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. मुलीने बरोबर लिहिलं होतं, पण ते पॅकिंगच्या टेबलापर्यंत पोचलंच नव्हतं. चॅट हाताशी नसता तर सगळा दोष त्या मुलीवर गेला असता. चॅटवर बसलेलं माणूस जे लिहितं तो दुकानाने दिलेला शब्द असतो, आणि दिलेला शब्द नंतर वाचता आला पाहिजे.

किती जुने चॅट मिळू शकतात?

तुमच्या चॅट कंपनीने जेवढे ठेवले असतील तेवढेच. प्रत्येक कंपनीची, आणि एकाच कंपनीच्या प्रत्येक प्लॅनची, साठवणीची मुदत वेगळी असते. फुकटच्या प्लॅनमध्ये ती सहसा कमी असते. कंपनीच्या सर्व्हरवरून जे पुसलं गेलं ते आमचं साधन आणू शकत नाही, दुसरं कुठलंही आणू शकणार नाही. तसं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

म्हणून पहिल्याच दिवशी आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये ही मुदत बघून घ्या. प्लॅन खालचा घेताना किंवा खातं बंद करताना आधी सगळं उतरवा, मग बटण दाबा. हे उलट्या क्रमाने केलेले लोक दर महिन्याला आमच्याकडे येतात आणि त्यांना ‘नाही’ म्हणताना फार वाईट वाटतं.

चॅट पुसले गेलेच असतील तर दोन जागा तपासा. बऱ्याच साधनांत चॅट संपल्यावर त्याची प्रत ईमेलने पाठवायची सोय असते. ती कधीतरी चालू केलेली असेल तर प्रती कुठल्यातरी जुन्या इनबॉक्समध्ये पडून असतील. दुसरी जागा म्हणजे ग्राहक स्वतः. त्याच्याकडे प्रत किंवा स्क्रीनशॉट असू शकतो. सरळ मागा, लाजू नका.

सुरुवात करायला काय काय लागतं?

खात्याच्या मालकाने किंवा ॲडमिनने तयार केलेलं एपीआय टोकन, म्हणजे साधनाला खात्यात शिरू देणारा गुप्त संकेत. टोकन बनवताना परवानग्या विचारल्या जातात, तिथे फक्त ‘वाचणे’ द्या. लिहिण्याची किंवा पुसण्याची परवानगी आम्हाला नको आहे आणि तुम्हीही देऊ नका. टोकन म्हणजे दुकानाच्या शटरची किल्लीच. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलगा नोकरी सोडून गेला की जुनं टोकन रद्द करून नवं बनवा.

एक तपशील, कारण त्यावरून गोंधळ होतो: जुन्या सूचनापत्रकांत आणि पत्त्यांत ‘झोपिम’ हे नाव दिसेल. झोपिम ही चॅट कंपनी होती; झेंडेस्क या ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने ती २०१४ मध्ये विकत घेतली आणि पुढे तेच उत्पादन झेंडेस्क चॅट झालं. नाव वेगळं दिसलं तरी चुकीच्या ठिकाणी आलात असं समजू नका.

साधन कधी ४०१ तर कधी ४०३ दाखवून थांबतं. दोन्हींत फरक काय?

४०१ म्हणजे टोकन चुकीचं आहे किंवा त्याची मुदत संपली आहे. ४०३ म्हणजे टोकन बरोबर आहे, पण त्याला तेवढा अधिकार नाही. पहिल्यासाठी नवं टोकन बनवा, दुसऱ्यासाठी ॲडमिनला भेटा.

१ तारखेपासून ३० तारखेपर्यंतचे चॅट मागितले, तरी पहिल्या रात्रीचे काही नाहीत. कुठे गेले?

हा आमच्याकडे सर्वात जास्त येणारा प्रश्न आहे आणि आमच्या पहिल्या आवृत्तीत हीच चूक होती. चॅट कंपन्यांचे सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत नोंदवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे १ तारखेला पहाटे दोन वाजता दादरहून कुणी चॅट केला तर सर्व्हरच्या वहीत तो आदल्या तारखेला रात्री साडेआठला पडतो. तुम्ही ‘१ तारखेपासून’ म्हटलंत आणि साधनाने ते यूटीसीमध्ये धरलं, तर १ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं निसटतं. त्याच्या बदल्यात शेवटी पुढच्या महिन्याच्या पहिल्या पहाटेचे चॅट आत येतात.

एरवी पहाटे चॅट करतो कोण? पण अनंत चतुर्दशीच्या रात्री अख्खी मुंबई जागी असते. मूर्तिकारांकडे पुढच्या वर्षीच्या बुकिंगची चौकशी त्याच रात्री सुरू होते. एका कारखान्याचे नेमके तेच चॅट आमच्या यादीत आले नाहीत, तेव्हा आम्हाला ही चूक कळली. आता तारीख निवडताना ‘भारतीय वेळ’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो बदलू नका.

फराळ परदेशी पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास मागे येतं. त्यामुळे न्यू जर्सी आणि मुंबई यांच्यातलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर जातं, आणि बहुतेक वर्षी हे दिवाळीच्या आगेमागेच घडतं. ‘मी काल रात्री नऊला विचारलं होतं’ असं ग्राहक म्हणाला तर ते त्याच्या घड्याळातले नऊ आहेत. म्हणून आम्ही प्रत्येक ओळीपुढे दोन वेळा छापतो: मूळ यूटीसी आणि भारतीय. मूळ वेळेचा रकाना पुसू नका, भांडण झालं तर तोच कामी येतो.

सगळे चॅट जानेवारी १९७० चे दिसतात!

घाबरू नका, चॅट शाबूत आहेत. संगणक वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, काही ठिकाणी सेकंदांत, काही ठिकाणी मिलिसेकंदांत. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला गेला की आजची तारीख २०-२१ जानेवारी १९७० होते. सेटिंगमध्ये एकक बदला.

साधन मध्येच ४२९ असं लिहून थांबतं.

तुम्ही चॅट कंपनीकडे फार भराभर मागणी करत आहात, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक कंपनी मिनिटाला ठरावीकच विनंत्या घेते. त्यापुढे गेलात की ४२९ येतो, आणि बऱ्याचदा सोबत किती सेकंद थांबायचं तेही सांगितलेलं असतं. साधन तेवढं थांबून आपोआप पुढे जातं. लोक इथे कंटाळून साधन बंद करतात आणि पुन्हा चालू करतात, त्याने मोजणी आणखी बिघडते. मोठं काम रात्री लावून ठेवा. त्याच खात्याला दुसरं काही जोडलेलं असेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर वगैरे, तर विनंत्यांचा कोटा दोघांत वाटला जातो हेही लक्षात ठेवा.

काही चॅट दोनदा आले आहेत, आणि मोजले तर एक-दोन कमीही भरतात. असं कसं?

चॅट कंपनी सगळं एकदम देत नाही, पानापानाने देते. समजा एका पानावर शंभर चॅट, सर्वात नवा वर. तुम्ही पहिलं पान घेतलंत. दुसरं मागेपर्यंत एक नवा ग्राहक बोलून गेला. आता सगळे एक-एक जागा खाली सरकले, आणि पहिल्या पानावरचा शंभरावा चॅट दुसऱ्या पानावर पहिला झाला. तो तुम्हाला दोनदा मिळाला. त्याच वेळात कुणी एखादा चॅट पुसला तर उलट होतं: रांग वर सरकते आणि एक चॅट दोन पानांच्या फटीत हरवतो.

यावर दोन उपाय. एपीआय ‘कर्सर’ देत असेल तर तो वापरा. कर्सर म्हणजे पुस्तकात ठेवलेली खूण. पुढची पानं वाढली तरी खूण आपल्या जागी राहते. कर्सर नसेल तर सर्वात जुन्यापासून नव्याकडे या, आणि संपूर्ण सरून गेलेल्या दिवसांपुरतेच चॅट मागा. दुबार आलेले चॅट साधन चॅटच्या क्रमांकावरून स्वतःच गाळतं. ते नावावरून किंवा वेळेवरून हाताने गाळू नका. एकाच मिनिटाला दोन माणसं ‘हॅलो’ म्हणू शकतात.

मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, पण चॅटमध्ये तो डोळ्यांसमोर दिसतो आहे!

या प्रश्नावर आम्ही सर्वात जास्त वेळ घालवला आहे, कारण बाहेरच्या साधनांनी याचा विचारच केलेला नसतो.

‘खाऱ्या शंकरपाळ्या’ घ्या. यातलं ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं. काही कळफलकांवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत आणि य जोडला जातो. काहींवर साधा र, हलंत आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲप’, ‘ॲलर्जी’ यांतल्या ‘ॲ’चंही तसंच. तो एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एक रूप देणारी पद्धत) या जोड्या एक करत नाही, त्यामुळे ‘आमचं सॉफ्टवेअर युनिकोड चालवतं’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नका. आमच्या शोधात या जोड्या आम्ही हाताने बसवल्या आहेत. तरी एखादी राहिली असेल तर कळवा, आम्हाला ती हवीच आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कुणी ऑर्डर क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहितं, कुणी इंग्रजी. शोध दोन्हीकडे चालतो.

तिसरी आणि खरी अवघड गोष्ट म्हणजे रोमन लिपीतली मराठी. ‘आहे’ हा एवढासा शब्द, पण कुणी तो एका ‘ए’ने सुरू करतं, कुणी दोन. त्यात मुंबईचा ग्राहक एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही बोलतो. तिथे वाक्य शोधत बसू नका. जे फार बदलत नाही ते शोधा: ऑर्डर क्रमांक, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, पिनकोड, रक्कम. यूपीआयने पैसे आले असतील तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक सर्वात भरवशाचा. ग्राहक तो नक्कल करून चिकटवतो, त्यामुळे त्यात चूक क्वचितच असते.

एक्सेलमध्ये उघडलं की मराठीचा कचरा होतो आणि मोठे क्रमांक बिघडतात.

साधन चॅट सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) देतं. तिच्यावर दोनदा क्लिक करून ती उघडू नका. एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबवर जाऊन फाइल आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा, मराठी नीट दिसेल.

क्रमांकांचं प्रकरण अधिक गंभीर आहे. एक्सेल अकरा आकड्यांहून मोठी संख्या घातांकाच्या रूपात दाखवतं. बारा आकडी यूपीआय क्रमांक किंवा ९१ लावलेला मोबाइल क्रमांक नेमका त्यात सापडतो. नुसतं दिसतं तोवर ठीक, पण ती फाइल तुम्ही पुन्हा सीएसव्ही म्हणून साठवलीत तर जे दिसतंय तेच साठतं आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. आयात करताना ते रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवा. मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये न उघडता ठेवा आणि काम कायम प्रतीवर करा. आणखी एक: एक्सेलच्या एका चौकटीत ३२,७६७ पर्यंतच अक्षरं मावतात. लांब चॅट एकाच चौकटीत कोंबला तर तो कापला जातो. म्हणून आम्ही एका संदेशाला एक ओळ देतो.

फोटो उघडत नाहीत.

चॅटमध्ये ग्राहकाने पाठवलेले फोटो बऱ्याचदा वेगळ्या जागी साठवलेले असतात आणि चॅटमध्ये त्यांचा फक्त दुवा असतो. तो दुवा काही वेळाने मरतो. चॅट उतरवतानाच ‘जोडफायलीही उतरवा’वर खूण करा. फुटलेल्या मूर्तीचा किंवा जळालेल्या स्विचचा फोटो हाच तर तक्रारीचा गाभा असतो.

ग्राहकाने स्वतःचाच चॅट मागितला. द्यावा का?

हो, आणि लवकर द्यावा. आधी खात्री करा की मागणारा तोच आहे: चॅटमध्ये दिलेल्या ईमेलवर किंवा क्रमांकावरच पाठवा, नव्याने सांगितलेल्या पत्त्यावर नाही. नवरा-बायको, शेजारी, भाऊ म्हणून दुसऱ्याचा चॅट मागणारे येतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

पाठवण्याआधी फाइल पूर्ण वाचा. बऱ्याच चॅट साधनांत आतल्या माणसांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या खासगी टिपा असतात, आणि एपीआयमधून त्याही येतात. आम्ही त्या वेगळ्या रंगात दाखवतो आणि ग्राहकाच्या प्रतीतून वगळतो. पण वगळाव्या लागतील अशा टिपा लिहूच नयेत, असं मला मनापासून वाटतं.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. जुना चॅट शोधण्यातच आठवडा गेला तर ते जमणार नाही.

चॅटमध्ये कुणी कार्डाचा क्रमांक, आधारचा फोटो, ओटीपी टाकला असेल तर?

उतरवताना ‘संवेदनशील आकडे झाका’ चालू ठेवा. कार्डाचे क्रमांक तर ठेवूच नका. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या कार्डांचे तपशील साठवता येत नाहीत, आणि चॅटच्या फाइलमध्ये पडून राहिलेला क्रमांकही साठवलेलाच असतो. फोटोमधले आकडे साधनाला वाचता येत नाहीत, ते माणसानेच बघून काढावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे. तरी करा, कारण ही माहिती विश्वासाने दिलेली असते.

ग्राहक आयोगात हे चॅट पुरावा म्हणून दाखवता येतात का?

इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून देण्याची तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याआधी हेच काम जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब करत होतं. नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, लिहावं लागतं. आमचं साधन प्रत्येक फाइल उतरली की तिचं एसएचए-२५६ हॅश सोबत लिहून ठेवतं. त्यानंतर फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हॅश बदलतं, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. पुढचं तुमच्या वकिलांना विचारा.

चॅट किती वर्षं ठेवावेत?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जाता येतं. म्हणून ऑर्डर, पैसे किंवा वचन यांच्याशी संबंध असलेले चॅट त्याहून कमी काळ ठेवू नयेत. मी तीन वर्षं सुचवतो. ‘दुकान किती वाजता उघडतं’ प्रकारचे चॅट सहा महिन्यांत पुसून टाका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम संपल्यावर माहिती पुसणं हा त्या कायद्याचा भाग आहे. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून सगळंच साठवणं आता परवडणार नाही.

चॅटवर बसणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला हे वापरू का?

तक्रार आली तर तो चॅट जरूर वाचा. पण रोज रात्री प्रत्येकाचे चॅट काढून चुका शोधणार असाल तर कृपा करून नको. दिवाळीच्या आठवड्यात एकेक मुलगी एका वेळी चार-चार ग्राहकांना उत्तरं देत असते. तिला भीती बसली की ती स्पष्ट लिहिणं सोडून देते, सगळं मोघम होतं, आणि मग जुन्या चॅटमधून तुम्हालाही काही कळत नाही. चॅट वाचायचेच असतील तर तिला शेजारी बसवून वाचा. कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा येतो ते तिलाच आधी माहीत असतं.

पावसात वीज गेली आणि उतरवणं अर्धवट राहिलं. पहिल्यापासून करायचं का?

नाही. साधन प्रत्येक पान लिहून झालं की खूण नोंदवतं आणि पुन्हा चालू केल्यावर तिथूनच पुढे जातं. वीज जाताना जे पान अर्धवट होतं तेवढंच पुन्हा मागवलं जातं. काम संपल्यावर शेवटी चॅट कंपनीने सांगितलेली संख्या आणि उतरलेली संख्या शेजारी-शेजारी छापली जाते. दोन्ही जुळल्याशिवाय जुनं खातं बंद करू नका.